दुहेरी काचेच्या खिडकीची प्रत कुठे ठरते?

पुण्या-मुंबईत घराच्या नूतनीकरणाचे काम निघाले की खिडक्यांच्या दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. प्रोफाइल कोणत्या कंपनीचे, आणि त्यात चेंबर किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पुढची वीस वर्षे खिडकी कशी वागेल हे त्यांच्या उत्तरांवरून फार थोडे कळते. कारण यूपीव्हीसीची, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकची, खिडकी एका कारखान्यात तयार होतच नाही. प्रोफाइलच्या लांब पट्ट्या एका ठिकाणी निघतात, काचेचे सीलबंद जोड दुसरीकडे होतात, कब्जे आणि कुलपे तिसरीकडून येतात. फॅब्रिकेटर हे सगळे आणून कापतो, वितळवून जोडतो. आणि गवंड्याने सोडलेल्या जागेत ती खिडकी उभी करणारा माणूस आणखी निराळा असतो. माहितीपत्रकावर ज्या कंपनीचे नाव ठळक छापलेले असते, ती या साखळीतली पहिली कडी. आपल्याकडच्या खिडक्या बिघडतात त्या बहुतांशी शेवटच्या दोन कड्यांत, आणि बिघाडाच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असते, असे माझे मत आहे. या लेखात साहित्यापासून भिंतीपर्यंतचा सगळा प्रवास पाहायचा आहे, पण जास्त मुक्काम पाण्यापाशी होईल.

ही खिडकी जन्मली जर्मनीत. १९५४च्या सुमारास ट्रॉइसडॉर्फ गावच्या डायनामिट नोबेल कंपनीने ‘ट्रोकाल’ नावाने प्लास्टिकच्या खिडक्या आणल्या. १९७३च्या तेलटंचाईनंतर घर गरम ठेवण्याचा खर्च भडकला, आणि १९७७च्या जर्मन उष्णतारक्षण नियमांनी दुहेरी काच जवळजवळ अटळ केली. म्हणजे या खिडकीची सगळी रचना एका प्रश्नाभोवती वाढली: बाहेर बर्फ असताना आतली ऊब कशी टिकवायची? आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याला पश्चिमेचे ऊन अडवायचे आहे, जून ते सप्टेंबर झडीचा पाऊस बाहेर ठेवायचा आहे, आणि शहरात रस्त्याचा आवाज कमी करायचा आहे. जर्मन घरासाठी उत्तम ठरलेली खिडकी तशीच्या तशी उचलून आणली, तर आपण पैसे एका गुणासाठी मोजतो आणि गरज असते दुसऱ्याची.

सुरुवात प्रोफाइलपासून करू. पीव्हीसी स्वस्त आहे, त्याला वाळवी लागत नाही, ते पावसात फुगत नाही, समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजत नाही. सागवानी चौकटी आणि लोखंडी खिडक्या सांभाळताना कोकणातल्या आणि मुंबईतल्या पिढ्या थकल्या, त्यांच्यासाठी हे गुण लहान नाहीत. पण नुसते पीव्हीसी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळे पडते, पृष्ठभाग खडूसारखा होतो, मग ते ठिसूळ होते. म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, धक्का सोसावा म्हणून अ‍ॅक्रिलिक घटक घालतात, आणि तापवताना ते विघटित होऊ नये म्हणून स्थिरक घालतात. युरोपातल्या उद्योगाने शिशाचे स्थिरक २०१५ अखेर सोडून दिले आणि कॅल्शियम-झिंक पत्करले. आपल्याकडे शिसेमुक्त असल्याचे लेखी मागून घेणे हाच शहाणपणा. टायटॅनियम डायऑक्साइड महाग असते, कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीची भुकटी स्वस्त असते. भाव पाडायचा तर पहिले कमी होते आणि दुसरे वाढते. दोन्ही पट्ट्या दुकानात सारख्याच पांढऱ्या दिसतात. फरक पाच-सात उन्हाळ्यांनी उमटतो.

युरोपीय मानक ईएन १२६०८ हवामानाचे दोन वर्ग करते, मध्यम आणि तीव्र. वर्षाला चौरस मीटरमागे ५ गिगाज्यूलपेक्षा जास्त सौर ऊर्जा पडणारा किंवा सर्वांत उष्ण महिन्यातले सरासरी कमाल तापमान २२ अंशांपेक्षा वर असणारा प्रदेश तीव्र वर्गात जातो. महाराष्ट्रात ही ऊर्जा ७ गिगाज्यूलच्या आसपास भरते, आणि २२ अंशांची अट तर आपल्या कोणत्याही गावाला सहज ओलांडता येते. तेव्हा ‘युरोपीय दर्जा’ हे शब्द पुरेसे नाहीत, त्यातला कोणता हवामान वर्ग, हे विचारले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२३ मध्ये यूपीव्हीसी प्रोफाइलसाठी आय.एस. १७९५३ हे वेगळे मानक काढले आहे. चौकशी करताना त्याचा क्रमांक तोंडी असू द्यावा.

त्याच युरोपीय मानकात पट्टीच्या भिंतींच्या जाडीचेही वर्ग आहेत. ‘ए’ वर्गात दर्शनी भिंत किमान २.८ मिलिमीटर आणि आतली किमान २.५. ‘बी’ वर्गात हेच आकडे २.५ आणि २. आपल्या बाजारात दर्शनी भिंत २ मिलिमीटरच्या घरात असलेल्या पट्ट्याही सर्रास विकल्या जातात. ही जाडी कापलेल्या तुकड्यावर साध्या व्हर्नियरने कोणालाही मोजता येते, आणि चेंबर मोजण्यापेक्षा ती मोजणे कितीतरी उपयोगाचे. चेंबर म्हणजे पट्टीच्या पोटातले हवेचे कप्पे. त्यांनी उष्णता कमी वाहते हे खरे, पण खिडकीचा बहुतेक भाग काचेने व्यापलेला असतो. आपल्या हवेत तीनऐवजी पाच कप्पे केल्याने वीजबिलात जाणवेल असा फरक पडणे अवघड आहे. जादा पैसे द्यायचेच असतील तर ते काचेत घालावेत.

आता पोटातल्या पोलादाकडे येऊ. यूपीव्हीसीची ताठरता पोलादाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाइतकी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाइतकी असते. म्हणजे मोठ्या खिडकीत वारा खऱ्या अर्थाने सोसते ते प्रोफाइलच्या कप्प्यात सरकवलेले जस्तलेपित पोलादी चॅनेल. भारतीय संहिता आय.एस. ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ने गुणले की दाब पास्कलमध्ये मिळतो. मुंबईसाठी तो साधारण १,१६० पास्कल येतो, चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजन ठेवल्याइतका. इमारतीची उंची, आजूबाजूचा मोकळेपणा यांनुसार त्यात फेरफार करतात. हा दाब आला की मधला उभा दांडा वाकतो. दुहेरी काच असेल तर हे वाकणे फार मर्यादित ठेवावे लागते, कारण काचेच्या कडेचे सील सारखे ताणले जाऊन सुटते. युरोपीय वर्गीकरणात सर्वांत कडक मर्यादा लांबीच्या ३००व्या हिश्शाची आहे.

आणि फसवणुकीला सर्वांत सोपी जागाही हीच आहे. पोलाद कुणाला दिसत नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडीचे सांगून एक मिलिमीटरचे घालायचे, पूर्ण लांबीऐवजी तुकडे सरकवायचे, लहान झडपांत घालायचेच नाही, असे सगळे प्रकार चालतात. चौकटीवर लोहचुंबक फिरवला तर पोलाद आहे की नाही आणि कुठे संपते एवढे तरी कळते. जाडी कळत नाही. ती करारातच लिहून घ्यावी आणि फॅब्रिकेटरकडे पट्ट्या जोडण्याआधी एकदा जाऊन पाहावी. चांगला फॅब्रिकेटर आपल्या कारखान्यात ग्राहकाला आनंदाने फिरवतो.

कारखान्यात गेल्यावर कोपऱ्यांचे जोडकामही बघावे. ४५ अंशांत कापलेली टोके सुमारे २४० ते २५० अंशांच्या तापलेल्या पाट्यावर काही सेकंद धरून एकमेकांत दाबतात. पाटा मळलेला असेल, कापलेल्या टोकांना धूळ किंवा ओल लागलेली असेल, किंवा वीज खालीवर होऊन तापमान हुकले, तर जोड वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून कच्चा राहतो. अधूनमधून एखादा कोपरा दाबयंत्रात मोडून पाहण्याची रीत जिथे आहे, तिथले काम भरवशाचे.

रंगाचा मुद्दा विदर्भ-मराठवाड्यासाठी महत्त्वाचा आहे. यूपीव्हीसी ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. पांढरी चौकट बरेच ऊन परतवते, पण मे महिन्यात हवेचेच तापमान ४५च्या पुढे गेलेले असताना पश्चिमेकडची गडद तपकिरी चौकट मऊ पडण्याच्या उंबरठ्यापर्यंत तापू शकते. लाकडासारखी दिसणारी गडद पापुद्र्याची चौकट हवीच असेल, तर तो पापुद्रा उष्णता परावर्तित करणारा असावा आणि प्रत्येक पट्टीत पूर्ण लांबीचे पोलाद असावे. ते जमत नसेल तर नागपूर-चंद्रपूरकडे गडद यूपीव्हीसीचा आग्रह धरू नये. तिथे अ‍ॅल्युमिनियम बरे.

आता काच. ‘दुहेरी काच म्हणजे घर थंड’ ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी चौरस मीटरला ५५० वॅट ऊन पडते असे धरू. बाहेर ४० अंश, आत एसी लावून २५. साध्या ६ मिलिमीटर एकेरी काचेतून उन्हाचा सुमारे ८० टक्के भाग आत येतो, म्हणजे ४४० वॅट. तापमानातल्या फरकामुळे काचेतून झिरपणारी उष्णता सुमारे ८७ वॅट. एकूण ५२७. आता दोन पारदर्शक काचा आणि मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी घेऊ. झिरप निम्म्यावर येऊन ४२ वॅट होते, पण ऊन मात्र ७० टक्के आत येतच राहते, ३८५ वॅट. एकूण ४२७. पैसे जवळजवळ दुप्पट, फायदा पाचव्या हिश्शाचा. याच जोडातली बाहेरची काच ऊन रोखणाऱ्या लो-ई लेपाची घेतली आणि ऊन ३० टक्क्यांवर आणले, तर १६५ अधिक झिरपेचे २५, असे मिळून १९० वॅट होतात. उष्णता निम्म्याहून खाली आली ती या लेपामुळे. काचेच्या मागणीपत्रावर दोन आकडे लिहून मागावेत: सौर उष्णतेचा गुणांक, म्हणजे उन्हाचा किती भाग आत येतो, आणि यू-मूल्य, म्हणजे तापमानातल्या फरकाने किती उष्णता झिरपते. आपल्या हवेत पहिला जास्त मोलाचा. लेप बाहेरून मोजल्यास दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असला पाहिजे. घाईत जोड उलटा बसवला गेला तर तीच काच वेगळी वागते. रात्री काचेसमोर पेटती काडी धरली की चार प्रतिबिंबे दिसतात. त्यातल्या ज्या एकाचा रंग निराळा, तो लेपाचा पृष्ठभाग.

बाहेरून सावली करता आली तर तिच्याइतका स्वस्त उपाय नाही. दक्षिणेला छज्जा उत्तम काम करतो. पश्चिमेला सूर्य खाली उतरतो म्हणून छज्जा कमी पडतो, तिथे उभ्या झडपा किंवा बाहेरचा पडदा लागतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सुचवली, ती याच विचाराने. त्याच संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही आहे. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात ते चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के धरले आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्षातले कितीतरी महिने आपल्याला खिडकी उघडी हवी असते. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी जेमतेम अर्धी उघडते, कब्ज्यांवर फिरणाऱ्या झडपेची जवळजवळ पूर्ण. बंद खिडकी कितीही भारी असली तरी उघडल्यावर ती किती वारा देते हाही तिच्या प्रतीचाच भाग आहे.

आवाजाच्या बाबतीत दुहेरी काचेचा गाजावाजा उष्णतेच्या बाबतीतल्यापेक्षाही अधिक फसवा आहे. ६ मिलिमीटरची एकेरी काच सुमारे ३१-३२ डेसिबल आवाज अडवते. तशाच दोन काचा १२ मिलिमीटर अंतरावर लावल्या तर आकडा जेमतेम ३३-३४वर जातो. दोन सारख्या काचा आणि मधली हवा मिळून सुमारे २०० हर्ट्झला एकत्र थरथरतात, आणि बस-ट्रकची घरघर त्याच टापूत असते. त्यावरचा इलाज म्हणजे दोन काचांची जाडी वेगळी ठेवणे, आणि एक काच लॅमिनेटेड, त्यातही ध्वनिशोषक पापुद्र्याची घेणे. मग ३८-४० डेसिबलपर्यंत जाता येते. पण चौकटीत फट राहिली तर हा सगळा खर्च वाया जातो. दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकीत एका उभ्या कडेला २ मिलिमीटरची फट असेल, तर काच ४० डेसिबलची असूनही पूर्ण खिडकी २९च्या वर जाऊच शकत नाही. सरकत्या खिडकीत पल्ला घासत जावा म्हणून कडेला ब्रशसारखी लोकरी पट्टी असते. तिच्यातून हवा जाते, म्हणून आवाजही जातो. हमरस्त्यावरच्या घरात शयनगृहाला रबरी गास्केटवर दाबून बसणारी झडपेची खिडकीच हवी.

दुहेरी काचेच्या जोडाचे आयुष्य त्याच्या कडेवर ठरते. दोन काचांमध्ये धातूची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ब्यूटिलचा पातळ थर, हे पहिले सील. त्याचे काम बाष्प रोखणे. बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकोनचे दुसरे सील, काचा एकत्र धरून ठेवण्यासाठी. ब्यूटिल कोपऱ्यावर तुटले, किंवा दाणे भरून ठेवलेली पट्टी पावसाळी हवेत तासन्‌तास उघडी पडली, की त्या जोडाचे नशीब तिथेच ठरते. काही वर्षांनी काचांच्या आतल्या बाजूला धुके दिसू लागते, आणि ते पुसायला कोणताही मार्ग नसतो. काच बदलावीच लागते. जोड चांगला असूनही तो पाण्यात उभा राहिला तर तीच गत होते. म्हणून काच चौकटीच्या तळाला टेकता कामा नये, प्लास्टिकच्या पॅकरवर उभी राहिली पाहिजे, आणि खाली जमणारे पाणी ताबडतोब निघून गेले पाहिजे.

घाटमाथ्यावरच्या घरांसाठी एक खास अडचण आहे. समुद्रसपाटीजवळच्या कारखान्यात सील केलेला जोड सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेला तर बाहेरचा दाब जवळपास १५ टक्क्यांनी कमी होतो. घाट चढताना वेफर्सचे पाकीट टम्म फुगते, तसा हा जोड फुगतो. मोठ्या काचा थोड्या वाकून ताण सोसतात. लहान, अरुंद काचा वाकत नाहीत, म्हणून त्यांच्याच कडा आणि सील जास्त ताणले जातात. यासाठी दाब जुळवणारी बारीक नळी बसवता येते, पण ते मागणी नोंदवतानाच सांगावे लागते.

आता पाणी. पाऊस सरळ पडला तर कोणतीही खिडकी चालते. झड आली की परीक्षा सुरू होते. वारा काचेवर दाबतो, आतल्या खोलीत दाब कमी असतो, आणि या फरकाने पाणी चक्क वर चढते. १०० पास्कलला सुमारे १० मिलिमीटर, असे हे गणित आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वारे ताशी १०० किलोमीटरच्या वर होते. ताशी १०० किलोमीटरचा वारा सुमारे ४६० पास्कल दाब देतो, आणि तेवढ्या दाबाने पाण्याचा स्तंभ ४७ मिलिमीटर चढतो. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकचा आतला कठडा अनेकदा याच्या निम्माही नसतो. मग पाणी ट्रॅकमध्ये साचते, बाहेर जाण्याऐवजी कठड्यावरून घरात ओसंडते, आणि लोक सिलिकोनची नळी घेऊन बाहेरच्या फटी बुजवत बसतात. त्यात कधीकधी पाणी जाण्याची भोकेच बुजतात, आणि दुखणे दुप्पट होते.

खिडकीत पाणी शिरणारच, हे मान्य करून चांगली खिडकी रचलेली असते. बाहेरच्या गास्केटमधून थोडे पाणी आत येते, ते चौकटीच्या पुढच्या कप्प्यात पडते, आणि तळाच्या लांबट भोकांतून बाहेर जाते. त्या कप्प्यात बाहेरचा दाब पोचू दिला की पाणी आत ढकलले जात नाही. आतले गास्केट तोवर कोरडे राहते. यात फॅब्रिकेटरचे हात सगळ्यात जास्त दिसतात. भोके साधारण ५ बाय २५ मिलिमीटरची हवीत. आतले आणि बाहेरचे भोक समोरासमोर नसावे, नाहीतर वारा सरळ फुंकर घालतो. आणि पाण्याची वाट पोलाद असलेल्या कप्प्यातून कधीही जाऊ नये. घाईचा कारागीर ड्रिलने आरपार भोक पाडतो, पोलाद रोज भिजते, कापलेल्या टोकांना जस्ताचा लेप नसतोच, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पांढऱ्या चौकटीवर तांबूस ओघळ येतात. बाहेरून भोकात टॉर्च धरून डोकावले तरी हा दोष दिसतो. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात निघून जाते हे पाहणे, ही घरच्या घरी होणारी सर्वांत उपयुक्त चाचणी.

युरोपीय वर्गीकरणात पाणी रोखण्याचा ‘९ए’ वर्ग ६०० पास्कलला तपासतात. बऱ्याच सरकत्या खिडक्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. तरी महाराष्ट्रात सरकत्याच जास्त का लागतात? त्याची खरी कारणे आहेत. बाहेर लोखंडी ग्रिल असते, त्यामुळे बाहेर उघडणारी झडप अडते. आत उघडली तर पडदा आणि पलंग आड येतो. मच्छरजाळी तर हवीच. अडीच किंवा तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत हे सगळे सुटते. मी सरकत्या खिडकीला सरसकट नाही म्हणणार नाही. गॅलरीच्या आडोशाला, पूर्वेला, छज्ज्याखाली ती खुशाल लावावी. पण नैर्ऋत्येला समोर मोकळे आकाश असलेल्या वरच्या मजल्यावर, रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर किंवा महाबळेश्वर-आंबोलीसारख्या पावसाच्या गावी तिथल्या नैर्ऋत्य भिंतीला झडपेचीच खिडकी घ्यावी, आणि ग्रिलचा तिढा ग्रिल आतल्या बाजूला घेऊन किंवा खिडकी आत उघडणारी करून सोडवावा.

कब्जे, कुलपे आणि गास्केट यांविषयी थोडक्यात. गास्केट ईपीडीएम रबराचे असावे. स्वस्त मऊ पीव्हीसीचे उन्हात कडक होऊन आखडते आणि कोपऱ्यांत फट सोडते. झडप बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरावी. ती सर्व बाजूंनी घट्ट अडकली पाहिजे, कुठे अलगद सुटली तर तिथून पाणी आणि आवाज येणार. काचेचे वजन मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे दोन ६ मिलिमीटर काचांचे ३० किलो. कब्जे या वजनाला पेलणारे आहेत का, हे लिहून घ्यावे. किनाऱ्यापासून जवळ असाल तर ३०४ नव्हे, ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे. झडपेत काच बसवताना कब्ज्याकडच्या खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णावर पॅकर देतात, तेव्हा काचच झडपेला ताठ धरते. हे दोन पॅकर विसरले की झडप वर्षभरात खाली उतरते आणि चौकटीला घासू लागते. लोक त्याचा दोष कब्ज्याला देतात.

दारांना हे सगळे लागू आहेच, वजनाचा प्रश्न मात्र मोठा होतो. गॅलरीच्या सरकत्या दाराचा १.२ बाय २.४ मीटरचा एक पल्ला घेतला तर नुसती काच ८६ किलो होते. साधे नायलॉनचे रोलर यात फार दिवस टिकत नाहीत. स्टेनलेस रोलर, स्टेनलेस रूळ, आणि शक्य असेल तर हँडल फिरवल्यावर पल्ला उचलून मग सरकवणारी रचना घ्यावी. बंद केल्यावर ती गास्केटवर खाली बसते, म्हणून पाण्याला आणि आवाजालाही चांगली. सपाट, न अडखळणारा उंबरठा वयस्कर माणसांच्या घरात हवाच असतो, पण पाणी अडवण्याची उंची त्यात जाते. अशा वेळी बाहेर जाळीचा पन्हळ आणि गॅलरीला बाहेरच्या बाजूला उतार दिल्याशिवाय तो करू नये. दारांच्या काचा कडक केलेल्या किंवा लॅमिनेटेडच असाव्यात, आणि त्यांच्या कोपऱ्यावर आय.एस. २५५३चा शिक्का पाहावा.

शेवटी भिंत. यूपीव्हीसी उष्णतेने काँक्रीटच्या सहा-सात पट प्रसरण पावते. २.४ मीटर उंचीचे दार तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर सुमारे ५ मिलिमीटर लांब होते. म्हणून चौकट आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी ५ ते १० मिलिमीटर जागा लागते. आपल्याकडे गवंडी ही जागा सिमेंटने गच्च भरतो आणि वरून प्लास्टर ओढतो. उन्हाळ्यात चौकट फुगून आत वाकते, प्लास्टरला केसासारखी चीर जाते, आणि पुढच्या जूनमध्ये त्या चिरेतून भिंतीत ओल उतरते. दोष खिडकीवर येतो. खरी रीत अशी: ओळंब्यात आणि पातळीत चौकट पॅकरवर उभी करायची, कोपऱ्यापासून सुमारे १५० मिलिमीटरवर पहिला आणि पुढे ६००-७०० मिलिमीटरच्या आत एकेक अँकर बोल्ट मारायचा, जागेत फोम भरायचा, आणि बाहेरच्या कडेला फोमची दोरी सरकवून त्यावर न्यूट्रल सिलिकोन ओढायचे. फोम पाणी अडवत नाही, तो नुसता भराव आहे. पाणी सिलिकोन अडवते, आणि तेही धुळीच्या प्लास्टरला चिकटत नाही, म्हणून कडेला ग्रॅनाइटची चौकट असेल तर काम अधिक टिकते. खालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार आणि बाहेर आलेल्या कडेखाली पाणी तोडणारी खाच हवी. ही खाच नसल्याने भिंतींवर काळे ओघळ आलेल्या इमारती प्रत्येक शहरात दिसतात.

या सगळ्याकडे दुर्लक्ष झाल्याचा सर्वांत मोठा तोटा पुनर्विकासातल्या घरांना होतो. सोसायटी आणि बिल्डर यांच्यातल्या करारात खिडक्यांसाठी बहुधा एकच ओळ असते: ‘उत्तम प्रतीच्या यूपीव्हीसी खिडक्या’. या ओळीत मोजता येण्याजोगे काहीही नाही, म्हणून तिच्यावर भांडताही येत नाही. तिच्याऐवजी अर्धे पान लिहून घ्यावे: प्रोफाइलच्या दर्शनी भिंतीची जाडी आणि हवामान वर्ग, पोलादाची जाडी आणि ते पूर्ण लांबीचे असल्याची अट, दोन्ही काचांची जाडी, सौर उष्णतेचा गुणांक, लेप कोणत्या पृष्ठभागावर, सीलबंद जोडाला आतून धुके धरणार नाही याची किमान दहा वर्षांची हमी, कोणत्या दिशेला झडपेच्या खिडक्या आणि कोणत्या दिशेला सरकत्या, कब्ज्यांच्या स्टीलची प्रत, आणि भिंतीच्या जोडाची रीत. नमुन्याची एक खिडकी प्रत्यक्ष मजल्यावर बसवून तिच्यावर बाहेरून पाण्याचा फवारा मारावा, आणि ती कोरडी राहिल्यानंतरच बाकीच्या खिडक्यांची मागणी नोंदवावी. फॅब्रिकेटरच्या बिलाचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अटही याच अर्ध्या पानात मावते.